बरी आहेस ना?

४ ऑगस्ट, मंगळवार

प्रेरणादायी वक्ता आला एकदाचा! होस्टेलमधली तिसऱ्या वर्षाची मुलगी जीव देऊन गेली, त्यावर कॉलेजनं शोधून काढलेलं औषध म्हणजे हा. हजेरी सक्तीची. गळ्यात टाय, कानाला माइक. ‘आयुष्य सुंदर आहे! म्हणा माझ्याबरोबर!’ — पोरं म्हणाली. पुढच्या रांगेतले इंटर्न ड्युटी संपवून थेट आलेले, ते तर झोपेतच म्हणाले. तिचं नाव तासाभरात एकदाही कोणी घेतलं नाही. ‘ती दुर्दैवी घटना.’ मग चहा.

मानसोपचार विभागाची म्हणून मला स्टेजवर बसवलं होतं. शोभेला.

६ ऑगस्ट

मीटिंग. शेवटी उभी राहिलेच. म्हटलं, एवढ्या वर्षांच्या अभ्यासक्रमात आत्महत्येवर एक तास आहे, तोही परीक्षेच्या तोंडावर, तेव्हा वर्गात मी आणि पंखे असतो. मला निदान थोडे तास द्या. मुलांना विचारायला शिकवते. पेशंटला, आणि एकमेकांनासुद्धा.

सर्जरीचे प्रमुख हसले. अख्खं कॉलेज त्यांना वाघ म्हणतं, त्यांनाही ते आवडतं. ‘बाई, नसतं खूळ कशाला घालता पोरांच्या डोक्यात? विचारलं की सुचतं.’

नाही सुचत सर, म्हटलं. यावर अभ्यास झालेत. उलट बोलायला वाट मिळते.

‘आमच्या वेळी नव्हती असली थेरं.’

होती की! तुमच्याच बॅचचा एक गेला होता, त्याला तुम्ही सगळे आजवर अपघात म्हणता. — हे बोलले नाही. ओठांवर आलेलं गिळलं.

डीननं कंटाळून बुधवारचा तास दिला. ‘पण टाइमटेबलमध्ये विषयाचं नाव घालू नका हं.’ मग काय घालू? ‘संवादकौशल्य’ घातलंय.

७ ऑगस्ट

पहाटे जाग. मग छत.

१२ ऑगस्ट

पहिला तास. जोड्या लावल्या. एकानं डॉक्टर व्हायचं, एकानं पेशंट. प्रश्न एकच — मरावंसं वाटतं का? आत्महत्येचा विचार येतो का?

नुसता हशा! पहिला हिरो उभा राहिला. ‘तुम्हाला... म्हणजे... तसे काही वाईट विचार वगैरे...?’

वगैरे म्हणजे काय रे?

‘म्हणजे... ते, मॅडम.’

अरे, अनोळखी माणसाला लघवीला किती वेळा जाता, रंग कसा, धार कशी, हे बिनदिक्कत विचारता आणि इथेच जीभ टाळ्याला चिकटते? पुन्हा हशा, पण जरा कमी.

मागच्या बाकावरून एक जण, ‘मॅडम, यावर परीक्षेत प्रश्न येतो का?’ नाही येत. पाच-सहा वह्या मिटल्या.

मग एक मुलगी उभी राहिली. गेलेल्या मुलीची रूममेट. सगळ्यांशी वाद घालते म्हणून वर्गात तिला वकीलबाई म्हणतात. आज तिचा आवाज भलताच खाली. ‘विचारून काय होतं मॅडम? मी तिला रोज विचारायचे. बरी आहेस ना? ती हो म्हणायची. रोज.’

म्हटलं, ‘बरी आहेस ना’ हा प्रश्न नाही गं. त्यात उत्तर आपणच भरून देतो. समोरच्यानं फक्त मान हलवायची.

‘म्हणजे चूक माझी.’

नाही. तुला हे कोणी शिकवलंच नव्हतं. आम्ही शिकवायचं होतं.

बॅग उचलून निघून गेली. दार आपटलं नाही, आपटलं असतं तर बरं वाटलं असतं.

१३ ऑगस्ट

जेवण नको वाटतं. आई होती तेव्हा तिला भरवायचं म्हणून तरी ताटावर बसायचे. ती गेली आणि घरात वेळच वेळ झाला. दिवसभर लोकांचं ऐकायचं, घरी यायचं, कुलूप काढायचं, मांजराला दूध घालायचं.

२० ऑगस्ट

दुपारी कॅज्युअल्टीत बोलावलं. बाई तिशीच्या आतबाहेर. जीव द्यायचा प्रयत्न केलेला, वाचली. नवरा बाहेर, सासू बाकावर. तिच्या खाटेपाशी उभा राहून इंटर्न तिला ऐकू जाईल असं म्हणतो, ‘खऱ्या पेशंटला खाट नाही आणि यांची नाटकं!’ वाघाच्या युनिटचा. गुरू तसा चेला. नर्स हसली. बाईनं भिंतीकडे तोंड केलं.

मी तोंड उघडणार, एवढ्यात वकीलबाई! तिचीही पोस्टिंग तिथेच. इंटर्न तिला सीनियर, पण म्हणाली, ‘सर, बाजूला व्हा. पडदा लावायचाय.’

पडदा लावला. स्टूल ओढून बसली. बसली, हे महत्त्वाचं! आमच्याकडे सगळे उभ्यानं विचारतात.

‘ताई, आत्तासुद्धा मरावंसं वाटतंय का?’

बराच वेळ काही नाही. वकीलबाईचे पाय मला पडद्याखालून दिसत होते, जागचे हलले नाहीत. तिनं ती शांतता भरून काढली नाही. मग बाई म्हणाली, ‘मघापासून सगळे विचारतायत, का केलंस. हे कोणी विचारलं नव्हतं.’ आणि बोलायला लागली.

बाहेर आल्यावर वकीलबाई जिन्यात बसून हमसून हमसून रडली. मी शेजारी बसले. तिनं विचारलं, ‘बरोबर केलं?’ म्हटलं, माझ्यापेक्षा बरं.

खरंच बरं केलं तिनं. मी आज त्या बाईचं ऐकत होते आणि मला काहीच वाटत नव्हतं. काचेपलीकडून बघावं तसं.

३० ऑगस्ट, रविवार

दादाचा फोन. रविवार म्हणजे दादा. ‘बरी आहेस ना?’ हो. ‘जेवतेस ना वेळेवर?’ हो. ‘आवाज असा का येतोय?’ रेंज नाही रे. ठेवला.

२ सप्टेंबर

वर्गात आता हसत नाहीत. आज सगळ्या जोड्यांनी नीट विचारलं. परीक्षेतल्या प्रश्नाची चौकशी करणारा स्वतःच पेशंट झाला आणि अडखळत म्हणाला, ‘पहिल्या वर्षी मला वाटायचं. खरंच, नाटक नाही हे.’ तास संपल्यावर त्याला थांबवलं, बोललो, दुसऱ्या डॉक्टरांची वेळ ठरवून दिली. बाहेर त्याचा मित्र थांबला होता, त्याच्या खांद्यावर हात टाकून त्याला घेऊन गेला.

आनंद व्हायला हवा होता. व्हायला हवा होता हे कळतं, एवढंच.

४ सप्टेंबर

डीननं बोलावलं. पुढच्या बुधवारी शेवटचा तास. एका पालकाची तक्रार — ‘डॉक्टर व्हायला पाठवलंय, मरणाच्या गप्पा मारायला नाही.’ वाघही तिथेच बसलेले, चहा पीत. ‘बाई, तुम्ही फार मनाला लावून घेता.’

भांडले नाही. मी! भांडावंसंही वाटलं नाही. ठीक आहे म्हटलं.

६ सप्टेंबर

आज दादाचा फोन उचलला नाही.

मांजर शेजारणीला दिलं. ‘का हो, कुठे चाललात?’ म्हणाली. कुठे नाही, म्हटलं, होत नाही आता माझ्याच्यानं. आईचं कपाट रिकामं केलं. कागदपत्रं एका पिशवीत लावून वर दादाचं नाव लिहिलं. घर कसं चकाचक! आई म्हणाली असती, सूर्य कुठे उगवला आज?

७ सप्टेंबर

लिहिण्यासारखं काही नाही.

९ सप्टेंबर, बुधवार

शेवटचा तास. धोक्याच्या खुणा शिकवल्या. झोप जाणं, भूक जाणं, कशाचंच काही न वाटणं, आवराआवर, जवळच्या गोष्टी देऊन टाकणं, आणि मग एकाएकी शांत होणं. फळ्यावर लिहिलं नाही, नुसतं बोलत गेले. छान झाला तास. टाळ्या वाजवल्या पोरांनी.

शांत वाटतंय.

१० सप्टेंबर

सकाळीच वकीलबाई केबिनमध्ये आली. दार लोटलं, खुर्ची ओढून बसली. ‘मॅडम, कालचं तुम्ही पुस्तकातलं नव्हता सांगत.’ मग, न अडखळता, ‘तुम्हाला मरावंसं वाटतं का?’

हसण्यावारी न्यायचं ठरवलं होतं. तोंडातून ‘हो’ आलं.

ती उठली नाही. पुढचं काहीच शिकवलं नव्हतं मी, ती नुसती बसून राहिली. मग आमच्या विभागाच्या सरांना बोलावलं, आणि फोन माझ्या हातात दिला.

दादा निघालाय.