रांगोळीच्या सऱ्या

बुधवार, संध्याकाळ

बाबा आज पुन्हा स्वयंपाकघराच्या दारात अडकले. पाय जमिनीला चिकटल्यासारखे. मागून विनोद म्हणाला, "वांग्याच्या मळ्यात तं बरे चालता बाबा, घरातच काऊन नाटक करून राह्यले?" पार्किन्सन्स आहे हे कळून दोन वर्षं झाली, तरी माझ्या धाकट्या भावाला हे नाटक वाटतं. घरात नीट चालेपर्यंत बाबांचं मळ्यात जाणं उद्यापासून बंद, हेही त्यानं ठरवून टाकलं.

राग आला. पण मळ्यात खरंच कसे चालतात? मग लक्षात आलं, तिथे वांग्यांच्या ओळींमध्ये पाडलेल्या सऱ्या आहेत. सरी समोर दिसली की ती ओलांडायला पाय उचलला जातो. जमिनीवर आडवी रेघ असली की अडकलेला पाय सुटतो, हे डॉक्टरांनी सांगितलं होतं. मीच विसरले. इतकी कशी विसरले?

रांगोळीचा डबा काढला आणि दारापासून मोरीपर्यंत पाऊलभर अंतरानं आडव्या रेघा ओढल्या.

"ताई, दिवाळी आली का?" विनोद हसला.

बाबांनी पहिली रेघ पाहिली. पाय उचलला. ओलांडली. मग दुसरी. आठवी ओलांडून हळूच वळले आणि विनोदला म्हणाले, "पाह्य, पोरीनं सऱ्या सरळ पाडल्या. तुले आजवर नाई जमल्या."

आजार वाढत जाणार, माहीत आहे. वाढू दे. रेघा पुसतील तितक्यांदा काढीन. आणि उद्या सकाळी बाबांना मळ्यात मी नेणार. विनोदनं दार अडवून बघावंच.