जॉबरचे कान

३ डिसेंबर १९८५, मंगळवार

मालक आज स्वतः शेडात आले! मारुतीराव एरवी कचेरीच्या काचेतूनच बघतात. म्हणाले, संक्रांतीनंतर नवी शेड सुरू होणार, तिथले माग दुरुस्त ठेवायला जॉबर पाहिजे — मायाप्पा नाहीतर भावकू. सोळा तारखेला परीक्षा. पद्धत जुनीच: एका मागाचा एखादा भाग मुद्दाम सैल करायचा. उमेदवारानं मागांकडं पाठ करून उभं राहायचं आणि नुसत्या आवाजावरून आजारी माग कुठला ते सांगायचं.

भावकू माझ्यापेक्षा बराच लहान. हात चांगला आहे पोराचा. पण कान माझे! चौथी शिकलेला माणूस मी. माग दुरुस्तीचं इंग्रजी पुस्तक शब्दकोश शेजारी ठेवून आपलं आपण वाचलं. आडवं सूत नेणारा धोटा पेटीत जरा तिरका शिरला तरी मला कळतो. जॉबर झालो की दिवसभर मागापुढं उभं राहणं सुटेल. पोटऱ्या लाकडासारख्या झाल्यात. दमलोय. चारचौघांत म्हणणार नाही, इथं लिहायला हरकत नाही.

जेवताना शालू म्हणाली, "अवं, रेडिओ बारीक करा की. पल्याडच्या गल्लीला बातम्या कळायल्या."

कळू देत. शहाणी होतील.

५ डिसेंबर, गुरुवार

शांतवन पाठीस लागलाय. शेडात शेजारचे माग त्याचे, खासबागेत घरही आमच्या मागच्याच बोळात. त्याची रूथ बेंगळूरला एका ख्रिस्ती गायक मंडळीत गाते. ती मंडळी शनिवारी मिशनच्या मैदानावर येणार. युवक वर्षानिमित्त. पत्रकावर ‘हार्ड रॉक’ छापलंय. शब्दकोशात पाहिलं — कठीण खडक! त्यावरून काही बोध होईना.

"देवळात नेत न्हाय तुला, मैदानात नेतोय. चल की रं!" शांतवन म्हणाला. भावकूही तयार झाला. मला शनिवारी पाळी सुटली की फक्त अंथरूण दिसतं. पण रूथ लहानपणी आमच्या अंगणात वाढलेली. नाही म्हणवेना.

७ डिसेंबर, शनिवार

गेलो, आलो. अंग मोडून आलंय, तरी आजच लिहितो. उद्या तपशील निसटतात.

पाळीवरून थेट गेलो, केसांत कापसाची भुसी तशीच. शांतवन मुलीचा बाप म्हणून त्याला पुढची जागा, म्हणून आम्हालाही. स्टेजवर दोन गिटार — पोटात पोकळी नसलेले, सगळा आवाज वायरीतून — ढोलांचा एक ढीग आणि दोन्ही अंगांना माणसाच्या उंचीच्या काळ्या पेट्या. लोक त्यांना कर्णे म्हणत होते. कर्णे नव्हेत ते!

पहिल्या ठोक्याला खुर्ची हादरली. गाणी येशूची, गाणाऱ्या पोरांचे केस खांद्यापर्यंत. पुढच्या रांगेतल्या मास्तरीणबाईंनी कानांत बोटं घातली. शेजारच्या म्हातारीनं पिशवीतून कापूस काढून भावकूला दिला, मलाही देऊ लागली. मी हातानंच नको म्हटलं. सगळा जन्म कापसात गेला, बाई! मला काही त्रास नव्हता. बाकीची माणसं एकमेकांच्या कानांत ओरडत होती, आणि आम्ही तिघं खुशाल गप्पा मारत होतो — शेडातल्यासारख्या. आवाज काढायचाच नाही. ओठ मोठे हलवायचे, जोडीला बोटांच्या खुणा. मागांच्या गदारोळात दुसरं काही चालतच नाही.

"सुट्टी सोडून शेडातच आणून बसीवलंस की!" भावकूचे ओठ.

"ती बघ माझी रूथ. डावीकडं!" शांतवनाचे.

"तुझ्या देवाला कमी ऐकू येतंय काय रं?" मी विचारलं. शांतवन इतका हसला, की मागच्यानं त्याची पाठ थोपटली. त्याला वाटलं, अंगात आलं!

भावकूचं एक खटकलं. काही सांगायचं झालं की उठून माझ्या पुढ्यात येऊन उभा. शेजारी बसून बोल की! त्याच्या डोक्यापायी निम्मं स्टेज दिसलं नाही.

शेवटी वाद्यं थांबली. रूथनं माईक बाजूला ठेवला, मान खाली घातली, केस तोंडावर आले. सगळे डोळे मिटून उभे राहिले. कितीतरी वेळ मौन. त्या दणदणाटानंतर फार बरं वाटलं. अख्ख्या कार्यक्रमात तेवढंच मला पसंत पडलं. मध्येच भावकूनं डोळे उघडून माझ्याकडं बघितलं आणि पटकन मान फिरवली. डोळे मिटायचे म्हणजे मिटायचे. शिस्त नाही.

८ डिसेंबर, रविवार

दिवसभर झोपलो. थकवा तसाच.

९ डिसेंबर, सोमवार

शेडात शांतवन दोनदा जवळ येऊन परत गेला. तिसऱ्यांदा समोर उभा राहिला. ओठांनीच —

"मायाप्पा, रागावला न्हाईस न्हवं?"

"कशापायी?"

"रूथनं प्रार्थनेत तुझं नाव घेतलं त्यापायी. लई बोललो तिला घरात. पर तू तितं गप उभा हुतास. मोठ्या मनाचा हाईस बाबा."

प्रार्थना? कुठली प्रार्थना? चेहऱ्यावर काही येऊ दिलं नाही. म्हटलं, पोरगी बेंगळूरला राहून मराठी विसरली का बघू दे. नेमके शब्द सांग.

तो आठवून आठवून ओठ हलवत राहिला. "ज्यांना ऐकू येत नाही, आणि जे कुणाला सांगत नाहीत, त्या मायाप्पाकाकांना धीर दे."

मराठी बिनचूक होतं. तसं त्याला सांगितलं आणि मागाकडं वळलो. धागा तुटला होता. तो जोडून माग पुन्हा सुरू केला.

१० डिसेंबर, मंगळवार

शालूला म्हटलं, मी भिंतीकडं तोंड करतो, तू हाक मार. नेहमीच्या आवाजात.

"काय खूळ म्हणायचं हे!" म्हणाली.

उभा राहिलो. चुन्याचा एक पोपडा सुटलाय तिथं, तो बघत वाट पाहिली. ही सुरू का करत नाही म्हणून चिडून वळलो. पदर डोळ्यांना लावून उभी होती.

"आनि किती हाका मारू?"

१३ डिसेंबर, शुक्रवार

मागांचा हादरा तळपायांना कळतो. त्यालाच इतके दिवस ऐकणं म्हणत होतो की काय? त्या हादऱ्यावर परीक्षा निभेल, निभणारही नाही. पण जॉबरला वेळेवर ऐकू आलं नाही तर धोटा पेटीतून उडतो. उडालेल्या धोट्यानं माणसाचा डोळा गेलेला मी पाहिलाय.

हे सगळं कळतं. तरीही मालकांना सांगणार नाही. पाय दुखतात. आयुष्यभर दुसऱ्यांच्या चुका काढल्या, आता माझी कुणी काढू नये.

१६ डिसेंबर, सोमवार

परीक्षा झाली. भावकू आधी उभा राहिला. मान हलवून म्हणाला, "न्हाय कळत, मालक." मला हायसं वाटलं — खोटं कशाला लिहू?

मग मी मागांकडं पाठ केली. समोर दार, दारात भावकू. मालक बाजूला. भावकूनं माझ्या डोळ्यांत बघितलं आणि ओठ हलवले, सावकाश, मोठे — "खिडकीकडचा दुसरा. धोट्याची पेटी."

मालक म्हणाले, "बोल."

"खिडकीकडचा दुसरा. पेटी सैल हाय."

"बरोबर!" मालकांनी माझ्या पाठीवर थाप मारली. दारात भावकू हसत होता.

"मला ऐकू येत न्हाय, मालक," मी म्हटलं. "ह्ये त्यानं सांगितलं. जॉबर त्यालाच करा."

फार मोठ्यानं बोललो असणार. पलीकडच्या रांगेतल्यांनी माग थांबवून माझ्याकडं पाहिलं.