त्या खडकाचा पत्ता

प्रिय बारके,

तुझं पाकीट मिळालं. आतला नवा लेख वाचला आणि चहाचा कप टेबलावर इतक्या जोरात आपटला की शेजारच्या खोलीतून संग्रहालयाचे ग्रंथपाल धावत आले. त्यांना म्हटलं, काही नाही. तुला मात्र सांगते, माझं डोकं फिरलं आहे, आणि ते शांत व्हायची वाट न बघता मुद्दाम लिहायला बसले आहे. शांत झाले की मी तुला माफ करून टाकते. थोरल्या बहिणीची खोड, जात नाही.

ती पहिल्यांदा सापडली तेव्हा आपण तिला मातीचा कण समजलो होतो. खडकाखालचा पाचोळा चाळून उरलेला चुरा बशीत ओतला, आणि त्यातलं काहीतरी सरकू लागलं. मोहरीपेक्षा लहान गोगलगाय. सूक्ष्मदर्शकाखाली धरली तर शंख काचेसारखा आरपार, तोंड वर वळलेलं आणि आत बारीक दात. ओल्या कुंचल्याच्या टोकावर तिला उचलताना दोघी श्वास रोखून धरायचो. एकदा तू शिंकलीस आणि अख्खी दुपार आपण फरशीवर रांगत तिला शोधलं. शेवटी तुझ्याच बाहीवर निघाली. वर्णन लिहिताना तर एकेका शब्दावरून भांडलो. तोंड गोल म्हणायचं की गोलसर, यावरून तू माझ्याशी बोलणं टाकलं होतंस. इतकं सुखाचं काम मी पुन्हा केलं नाही.

नव्या जातीचं वर्णन करायचं तर ती कुठे सापडली हे सांगावं लागतं, हे मला शिकवू नकोस. तुला ते मीच शिकवलं. पण त्या डोंगरातला चुनखडीचा खडक, एवढं पुरलं असतं. नेमका पत्ता इथे संग्रहालयात कुलपात राहील, ज्याला अभ्यासाला हवा तो मागून घेईल, असं आपलं ठरलं होतं. तू मान डोलावलीस. आणि छापून आलं तेव्हा पायवाटेपासून खडकापर्यंतचा नकाशा, वर फोटो. गोगलगाय अन् पोटात पाय, दुसरं काय म्हणू? विचारलं तर म्हणालीस, "ताई, नेमकं ठिकाण दिलं नाही तर आपल्यावर विश्वास कोण ठेवणार?"

ठेवला ना लोकांनी विश्वास. शंख जमवणाऱ्या हौशी मंडळींनी ठेवला, ते विकणाऱ्या दलालांनीही ठेवला. मी गेले तेव्हा खडकाखाली पाचोळाच नव्हता. खालच्या ओल्या मातीसकट खरवडून पोत्यांत भरून नेला होता. मी तिथेच बसून रडले, आणि रडताना राग तुझा येत होता, त्यांचा नाही. त्यांना मी कुठे ओळखते?

तुला हे सांगितलं तेव्हा तू फोन ठेवून दिलास. वाटलं, मनाला लागलं असेल. आणि आता हा लेख! शोध लागल्यावर लगेच नामशेष झालेली जात, म्हणे. खाली तुझं नाव, त्याखाली माझं, आणि माझ्या सहीला कोरी जागा. ती का संपली याबद्दल सगळ्या लेखात दोनच शब्द, मानवी हस्तक्षेप. अगं, तुझ्या बारशाला जेवले आहे मी. तो मानव कोण, ते मला ठाऊक आहे. शिवाय ती संपली असं एकदा छापून आलं की चुनखडीसाठी डोंगर खणायला टपलेल्यांना रान मोकळं, हा विचार तुझ्या विद्यापीठात कुणाच्याच डोक्यात आला नाही?

मी सही करणार नाही. रागावले म्हणून नाही, रागावूनही तुझ्या कितीतरी कागदांवर सह्या केल्या आहेत. हे खोटं आहे म्हणून करणार नाही. ती मला दुसरीकडे सापडली आहे, जिवंत, पिल्लांसकट. हे वाचून तू मला फोन लावशील. लावू नकोस. कुठे, ते मी कुणाला सांगितलेलं नाही, आणि तुला तर सांगणारच नाही. लेख मागे घे. घरी ये, जेव, भांड, हवी तितकी राहा. आई गेल्यापासून एकमेकींपासून लपवावं असं आपल्यात काही नव्हतं. आता आहे.

तरीही तुझीच,
ताई