डॉट मॅट्रिक्सचे तीस दिवस

२३ फेब्रु., रविवार
बैठक दहाला सुरू, दोनला संपली. जेवण गार. आमचं दवाखान्यांचं सॉफ्टवेअर फुकट; कोणीही घ्यावं, कोणीही बदलावं. नऊ वर्षांत त्याची चौदा मॉड्यूल झाली आणि काम करणारे उरलो पाच. आता कुठली ठेवायची, कुठली सोडायची. ज्याला त्याला आपलं तेवढं गरजेचं.
नियम जुना, माझाच. सांभाळणारा सुटला की त्या मॉड्यूलची नोटीस ग्रुपवर तीस दिवस. हरकत आली नाही तर पुढच्या आवृत्तीतून बाहेर. हरकत घेईल त्याने ते स्वतः सांभाळायचं. नुसती बडबड करणाऱ्यांची तोंडं या शेवटच्या वाक्याने बंद केली होती मी. फार हुशारी वाटली होती तेव्हा.
आज मीच एक सोडलं. डॉट मॅट्रिक्स प्रिंटरचं, पिना आपटून ठिपक्यांनी छापतो तो जुना. वर्षभरात वापर शून्य, आकडा समोर होता.
ऋता म्हणाली, "सुटलात काका." मेजरसाहेबांची बायको, साताऱ्याची, इथे छावणीत राहते. समितीत सगळ्यात तिखट आणि सगळ्यात कामाची.
सुटलो खरा.

२ मार्च, रवि.
पहिला मोकळा रविवार. दुपारपर्यंत काय करावं सुचेना. सौ. म्हणाली, "असं बसून राहण्यापेक्षा ते कॉम्प्युटरचं बरं होतं."
नोटिशीखाली एक ओळ नाही. कोणीतरी भांडेल असं वाटलं होतं.
भुसावळहून इथे आलो तेव्हा सायकलला पिशवी लटकवून सी-स्कीम या इथल्या बड्या वस्तीतल्या ऑफिसांत हेच प्रिंटर दुरुस्त करत हिंडायचो. जिन्यात उभा राहून नुसत्या कर्रकर्र आवाजावरून सांगायचो, कितवी पिन वाकलीय. साहेब लोक आधी हसायचे, मग चहा सांगायचे. त्यावरच पुढचं सगळं उभं राहिलं.
असो.

११ मार्च
लॅबचं ठेवलं. रुग्णांच्या जेवणाचं काढलं. ते लिहिणारे पुण्याचे गृहस्थ तासभर फोनवर. ऐकून घेतलं. शेवटी म्हणाले, "तुमचं काय जातंय हो." काही नाही जात. डोकं दुखतंय फक्त.

२२ मार्च, शनि.
सौ.च्या हट्टाने चाकसूला, शीतलामातेच्या जत्रेला. गर्दी, धूळ, प्रथेप्रमाणे कालचं गार अन्न. डोंगरी उतरताना सौ.चा पाय मुरगळला. गावात एका ट्रस्टचा छोटा दवाखाना, तिथे नेलं.
दारातच ऐकू आला. कर्रकर्र, आणि ओळीच्या मध्ये एक अडखळ. चौथी पिन.
आत गेलो तर आमचंच सॉफ्टवेअर. टेबलाशी रामावतारजी, कंपाउंडर, पन्नाशीचे. मी म्हटलं, चौथी पिन वाकडी आहे. त्यांनी चष्म्यावरून बघितलं. "आप डॉक्टर हो या मिस्त्री?"
एका दणक्यात तीन प्रती निघतात, कार्बनवर. एक पेशंटला, एक औषधाच्या खिडकीला, एक फाइलला. बाहेर जत्रेची रांग. दुसऱ्या कुठल्या प्रिंटरने एका वेळी तीन काढून दाखवाव्यात.
विचारलं, नेट?
"नेट तो बस मोबाइल में है जी, कम्प्यूटर में यहाँ किसके पास है. पास के कस्बे बस्सी वाले डॉक्टर साब पेन ड्राइव्ह में नया लाते हैं, साल में दो बार. वहाँ भी यही मशीन है."
म्हणजे आमचा शून्य. जी मशीन नेटवर आहेत तेवढीच मोजली आम्ही. जिथे हे प्रिंटर आहेत तिथे कॉम्प्युटरला नेटच नाही, तर मोजणार कोण? आणि पुढचा पेन ड्राइव्ह लागला की यांची छपाई बंद.
सांगितलं नाही. सौ.च्या पायाला पट्टी बांधून घेतली, चिठ्ठी घेतली. अक्षरांच्या मधून पांढरी रेघ.

२३ मार्च, रवि.
ऋ.ला फोन.
"मग घ्या की हरकत."
"घेतली की माझ्याच गळ्यात परत."
"नियम तुमचाच ना?" हसली. मग, "काका, आमची बदली आली की निम्मं घर वाटून टाकते मी. रडू येतं, पण टाकते. तुम्हाला टाकता येत नाही. मागच्या वर्षी डॉक्टरांनी काय सांगितलं होतं डोळ्यांचं?"
सांगितलं होतं. स्क्रीनसमोर कमी बसा म्हणून. त्यासाठीच तर सोडलं.
सौ. पाय उशीवर ठेवून सगळं ऐकत होती. 

२४ मार्च
चिठ्ठीवरच्या नंबरवर रामावतारजींना फोन करून सगळं खरं सांगितलं. उद्या पाचपर्यंत मुदत, तेही. ते म्हणाले, "तो पर्ची हाथ से लिखेंगे? मेले के दिन तीन-तीन?"
म्हटलं, ग्रुपवर घेतो तुम्हाला, हरकत तुम्ही लिहा, वापरणारे तुम्ही. पण लिहाल तर सांभाळावं लागेल.
"सँभालना मतलब?"
प्रत्येक आवृत्तीआधी छापून बघायचं, कसं आलं ते कळवायचं.
"वो तो रोज ही देखता हूँ."
दुरुस्तीचं मी बोललोच नाही. मुद्दाम की विसरून, माझं मलाच कळेना.

२५ मार्च, मंगळ.
दुपारी ग्रुपवर हरकत आली. तीस दिवसांत पहिली. हिंदीत, दोन ओळी, खाली पूर्ण नाव आणि 'चाकसू'. सोबत तिन्ही प्रतींचा फोटो: 'तीसरी फीकी है, बाकी ठीक.' इतका नेमका अहवाल आमच्या पाच जणांनी कधी दिला नाही.
दोघांनी पसंतीचे अंगठे टाकले. ऋ.ने सरळ विचारलं, "बघणारा मिळाला. बिघडलं तर दुरुस्त कोण करणार?" बरोबर विचारलं. तिच्या जागी मीही हेच विचारलं असतं.
यादीत त्या मॉड्यूलपुढे 'सांभाळणार'चा रकाना. माझं नाव खोडलेलं, दुसरं कुठलं नाही. सगळे माझ्या उत्तरासाठी थांबलेत. मीही.
पाचला वीस मिनिटं असताना रामावतारजींनी मला एकट्याला एक आवाज पाठवला. शब्द नाहीत, नुसता प्रिंटर चाललेला. लावला. चौथी आहेच, आता सातवीही.
परत लावला.
आतून सौ., "घरी आणलात की काय तो प्रिंटर?"