घरी सगळं बराबर हाय

अण्णा, मी तुमच्यावर अजून चिडलेली आहे. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, आई तर तुमच्याही आधी गेली. गेलेल्या माणसावर राग धरू नये म्हणतात. मग कधी धरायचा? तुम्ही होतात तेव्हा तुमच्यापुढे तोंड उघडायची सोय नव्हती.

बी.ए.च्या शेवटच्या पेपरच्या सकाळी तुम्ही रानात होतात. मी जालन्याच्या एसटीसाठी निघते आणि बघते तर आई घरात नाही. तिचं डोकं फिरलं की ती अशीच अनवाणी चालू लागायची. राजूरच्या रस्त्याने मी तिच्यामागे पळाले. देवळाजवळच्या नारळाच्या दुकानापुढे ती सापडली, पदर धुळीत, दुकानदाराशी भांडत. तिला घरी आणेपर्यंत पेपर संपला होता. कॉलेजचे सर भले माणूस. विद्यापीठात अर्ज केला तर कारण बघून पेपर पुन्हा घेतात, म्हणाले. अर्जात त्यांनी ‘घरगुती अडचण’ एवढंच लिहिलं, बाकीचं वडिलांनी समक्ष सांगायचं होतं. वर्ष वाचलं असतं तर मी बी.एड.ला जाणार होते, मास्तरीण होणार होते. याहून जास्त मी काही मागत नव्हते.

औरंगाबादच्या त्या ऑफिसात साहेबांनी तुम्हाला खुर्ची दिली. “घरी कुणी आजारी होतं का? मोकळेपणी सांगा.” मी तुमच्या तोंडाकडे बघते आहे. तुम्ही टोपी काढून मांडीवर ठेवता आणि म्हणता, “न्हाई साहेब, घरी सगळं बराबर हाय. पोरीचा अभ्यास झाला न्हवता. भ्याली अन् गेलीच न्हाई.” अर्ज तिथल्या तिथे निकालात निघाला. बाहेर आल्यावर तुम्ही मला उसाचा रस पाजायला निघालात. रस, अण्णा! “तुझ्या ताईची सोयरीक ठरून राह्यली. आईचं असं कागदावर आलं तं कोन करील पोरगी? तू शहानी हायस.” शहाण्या पोरीला तुम्ही गावभर भित्री ठरवलंत, आणि पुढच्याच उन्हाळ्यात, नापास झालेली पोरगी घरात किती दिवस ठेवायची म्हणून, उजवून मोकळे झालात.

हे पत्र मी कुठे टाकणार? पण पत्ता असता तरी टाकलं नसतं. आई तिथे तुमच्याजवळच बसलेली असणार. तिला वाचता येत नव्हतं. कुणाचंही पत्र आलं की ती तुमच्या मागे लागायची आणि तुम्ही तिला अक्षर न अक्षर वाचून दाखवायचात. माझं वर्ष कशापायी गेलं, हे तिला कधीच कळलं नाही. कळू नये, असं मलाही वाटतं.