शोभाची पहिली गोळी

मंगळवार, संध्याकाळ

माझ्या बायकोच्या, शोभाच्या जिभेवरची गाठ कॅन्सरची नाही. तुकडा तपासून डॉक्टर म्हणाले, क्वचित होणारा जंतुसंसर्ग आहे, काही महिने गोळ्या घेतल्या की जाईल. पण ती गोळीला हात लावेना.

"मामाजीलेही तुमी इन्फेक्शनच सांगत होते," ती जड जिभेने म्हणाली.

मामाजी म्हणजे तिचे सासरे, माझे वडील; ते कॅन्सरनेच गेले. तिचं काय चुकलं?

"तवा त्यायच्या समद्या लेकी बोलावल्या होत्या. माह्या लेकीले बोलावलं नसन, तरच घेईन."

रिपोर्टच्या धास्तीने मी सकाळीच लेकीला बोलावलं होतं. देवापुढच्या दिव्याकडे न बघता "नाही" म्हणालो. गोळी पोटात गेली, हे महत्त्वाचं ना?

मग अंगणात जाऊन लेकीला फोन केला. "येऊ नको, तुही माय बरी हाय."

ती रडायलाच लागली. "बाबा, खरं सांगा. मी आपल्या रिसोडच्या स्टँडवर उतरली बी."