शेपटी हलायला हवी

प्रिय दादा,

काल वहिनीचा फोन आला होता. तुझी मासे धरायची प्लास्टिकची आमिषं हल्ली फार कडक होतात, पाण्यात ओढली तरी शेपटी हलत नाही, दुकानदार कुरकुर करतो, असं म्हणाली. तू स्वतः का फोन केला नाहीस, हे मी विचारलं नाही. तिलाही ते सांगायचं नसावं.

आपण साच्यात ओतलेली पहिली प्लास्टिकची गांडुळं आठवतात? इतकी लिबलिबीत की मासा नुसता हुंगून गेला तरी गळावरून फाटून पडायची. मग तू चिडून कडक करणारं द्रावण भसाभस ओतलंस, तर बुटाच्या तळव्यासारखी झाली. टेबलावर आपटून आपटून हसलो होतो आपण. त्यानंतरचा सगळा हिवाळा चष्म्याच्या दुकानातल्या कामावरून घरी आले की मी त्याच्याच मागे असायचे. गरम प्लास्टिक फसवतं, म्हणून थेंब स्टीलच्या ताटलीवर टाकून, गार होऊ देऊन मग चिमटीत दाबून बघायचं, हे मला तेव्हाच सापडलं. गार पाण्यात आमिष आणखी ताठरतं, म्हणून थंडीसाठी मऊ करणारं तेल थोडं जास्त, हेही. मला जमलं की तू मला पाठीवर घेऊन खोलीभर नाचायचास.

म्हणूनच मासेमारीच्या क्लबच्या हॉलमध्ये तुझं प्रात्यक्षिक होतं तेव्हा मी दुकान लवकर सोडून आले. दाराशी उभी होते. कुणीतरी विचारलं, "हा मऊपणा नेमका साधता कसा?" तू माझी ताटली हातात धरून म्हणालास, "वर्षानुवर्षं डोकं घातलंय." मग आणखी कुणी विचारलं, मदतीला कोण असतं? तेव्हा तुला मी दिसले. दादा, तू माझ्याकडे नीट पाहिलंस आणि तरीही म्हणालास, "बहीण आहे ना. साचे धुऊन देते." लोक हसले. तूही हसलास. पुढच्या रविवारी साचे, पातेली, सगळं टेम्पोत घालून तुझ्या घरी नेलंस. "इथे जागा अपुरी पडते," म्हणालास. मी दार धरून उभी राहिले, सामान नीट निघावं म्हणून.

आता उत्तर. तू उरलेले तुकडे पुन्हा पुन्हा वितळवत असणार. दर तापवण्याला त्यातलं तेल उडतं आणि माल कडक होतो. वितळवताना मऊ करणारं तेल थोडं थोडं घालत जा, दर वेळी थेंब गार करून बघ. पिवळं पडलेलं टाकून दे, ते सुधारत नाही.

पण एवढ्यासाठी मी लिहिलं नसतं. खरं सांगू, राहू देत तुझी आमिषं काठीसारखी ताठ. फोन ठेवता ठेवता वहिनी बोलून गेली की शेजारी वासाची तक्रार करतात, म्हणून तू स्वयंपाकघराच्या खिडक्या लावून काम करतोस, आणि चिऊ तिथेच अभ्यासाला बसते. खोकतेय म्हणे, पोरगी, कधीची. तो धूर विषारी असतो रे. आजच्या आज सगळं बाहेर काढ, उघड्यावर कर, तोंडाला मास्क लाव आणि चिऊला डॉक्टरांकडे ने. वहिनीलाही मी हे आत्ताच फोनवर सांगितलंय. तुझ्यावर सोडून चालणार नाही, हे आता मला कळतं.

चिऊची आत्या